नाताळच्या तिकिटावर बाहुली का आहे?

डिसेंबर लागला की ब्रिटनमधल्या मराठी घरांतही भेटकार्डांची लगबग सुरू होते, आणि कुठल्यातरी खणातून नाताळची जुनी, कोरी पोस्टाची तिकिटं बाहेर येतात. त्यांवर बारकोड नसतो. बारकोड नसलेली तिकिटं बंद झाली हे तर सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मग ही टाकून द्यायची का? इकडे पुण्यात, वसईत किंवा मडगावात तशीच तिकिटं मामांच्या नाहीतर आजोबांच्या अल्बममधून निघतात, तेव्हा प्रश्न वेगळा असतो: यांचे किती येतील?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका संचावरून नीट समजतात. १ नोव्हेंबर १९९४ रोजी ब्रिटनच्या रॉयल मेलनं शाळकरी मुलांच्या येशूजन्माच्या नाटकावर पाच तिकिटं काढली. दिसायला साधी, पण त्यांत एक बारीकशी करामत आहे. तिकिटाचं चित्र, किंमत, यंत्राला दिसणारी खूण आणि आजची वैधता या चारही गोष्टी त्यांच्या आधारे उलगडता येतात.

आधी नाटकाविषयी

ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळांत डिसेंबरात येशूजन्माचं नाटक बसवायची जुनी रीत आहे. कथा ठरलेली असते. मरिया आणि योसेफ बेथलेहेमला येतात, उतरायला जागा मिळत नाही, बाळ गोठ्यात जन्मतं आणि गव्हाणीत निजवलं जातं. मेंढपाळ धावत येतात, देवदूत गातात, पूर्वेकडून मागी लोक भेटी घेऊन पोहोचतात. मागी हा मराठी बायबलातला शब्द. तारे पाहून अर्थ लावणारी ज्ञानी माणसं. लोकांच्या तोंडी त्यांचे तीन राजे झाले.

खरं पाहता या एका कथेत दोन कथा शिवलेल्या आहेत. गव्हाण आणि मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात येतात, मागी मत्तयच्या. मागी तिघे होते असं कुठेही लिहिलेलं नाही. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, त्यावरून माणसं तीन धरली गेली. दार लावून घेणारा सराईवाला मूळ मजकुरात नाही, आणि मरिया ज्याच्यावर बसून येते ते गाढवही नाही. नाटकात मात्र दोघं हवेतच. वर्गात तीस मुलं असली की प्रत्येकाला काहीतरी काम द्यावं लागतं, म्हणून सराईवाले वाढतात, मेंढ्या वाढतात, एखादं मूल नुसता तारा होऊन उभं राहतं.

पोशाख घरातल्याच वस्तूंचे. मेंढपाळाच्या डोक्याला भांडी पुसायचं चौकड्याचं फडकं, कपाळाभोवती दोरीनं बांधलेलं. देवदूताच्या डोक्यावर तारेचं कडं आणि त्याला गुंडाळलेली चमकी. राजाला सोनेरी कागदाचा मुकुट. आणि गव्हाणीत, बाळाच्या जागी, कुणाच्यातरी घरून आणलेली बाहुली.

माणसांनी हा प्रसंग उभा करण्याची परंपरा बरीच मागे जाते. इटलीत ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरी गव्हाण, खरे बैल आणि गाढव आणून तो दाखवला. आपल्याकडे गोव्यात आणि वसईत घरोघरी, चर्चच्या आवारात उभारले जाणारे गोठे त्याच वंशातले.

तिकिटावर नाताळ आला कधी?

पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट ब्रिटनमध्येच निघालं, मे १८४० मध्ये, एका पेनीचं, काळं. त्या स्वस्त टपालासाठी झटणाऱ्यांपैकी हेन्री कोल यांनी १८४३ साली पहिलं छापील नाताळ कार्डही विक्रीला आणलं. म्हणजे कार्ड आणि तिकीट ही जवळपास जुळी भावंडं. तरीही ब्रिटनमध्ये खास नाताळचं तिकीट निघायला १९६६ उजाडावं लागलं. तोवर ऑस्ट्रेलियानं १९५७ मध्ये आणि अमेरिकेनं १९६२ मध्ये आपापली नाताळची तिकिटं काढलेली होती.

उशीर झाला, पण सुरुवात फार सुरेख झाली. १ डिसेंबर १९६६ रोजी निघालेल्या दोन्ही तिकिटांवरची चित्रं मुलांनी काढलेली होती, स्पर्धेतून निवडलेली. दोघंही चित्रकार सहा वर्षांचे. एक शिलिंग सहा पेन्सच्या तिकिटावर बर्फाचा माणूस होता. तीन पेन्सच्या तिकिटावर पूर्वेकडचा राजा होता, आणि तो काढला होता तस्वीर शेम्झा या मुलीनं. तिचे वडील अन्वर जलाल शेम्झा हे सिमल्यात जन्मलेले, पुढे पाकिस्तानातून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले नावाजलेले चित्रकार. ब्रिटनच्या पहिल्या नाताळ तिकिटावरचा पूर्वेकडून आलेला पाहुणा पूर्वेकडून आलेल्या घरातल्या लेकीनं रंगवावा, हा योग मला आजही हलवून जातो.

याच तिकिटाच्या खालच्या कडेला तिचं नाव बारीक अक्षरांत छापलेलं आहे. काही प्रतींवर त्यातलं पहिलं अक्षर उमटलंच नाही, नाव ‘अस्वीर’ झालं. संग्राहक भिंग घेऊन हीच चूक शोधतात.

पुढे १९८१, २०१३ आणि २०१७ मध्येही मुलांनी काढलेली नाताळची तिकिटं निघाली. १९९४ चा संच या रांगेत बसत नाही, आणि इथेच अनेकांची गफलत होते. ही चित्रं मुलांनी काढलेली नाहीत. ती मुलांची आहेत, एका कसलेल्या चित्रकर्तीनं काढलेली.

एकच हात, दहा वर्षांचं अंतर

त्या चित्रकर्तीचं नाव इव्हॉन गिल्बर्ट. विशेष म्हणजे दहा वर्षं आधी, १९८४ सालची नाताळची पाच तिकिटंही त्यांचीच होती. तेव्हा विषय होता प्रत्यक्ष येशूजन्म: १३ पेन्सवर पवित्र कुटुंब, १७ वर बेथलेहेमला आगमन, २२ वर मेंढपाळ आणि कोकरू, ३१ वर मरिया आणि बाळ, ३४ वर ऊद अर्पण करणारा मागी.

१९९४ मध्ये याच मंडळींकडे त्या पुन्हा वळल्या, पण या वेळी सगळे शाळेच्या रंगमंचावर होते. १९ पेन्सवर मरिया आणि योसेफ, २५ वर तीन ज्ञानी पुरुष, ३० वर बाहुली घेतलेली मरिया, ३५ वर मेंढपाळ, ४१ वर देवदूत.

दोन्ही संच हाती असतील तर १९८४ चं ३१ पेन्सचं आणि १९९४ चं ३० पेन्सचं तिकीट शेजारी ठेवून पाहा. एकावर मरिया आणि बाळ. दुसऱ्यावर मरिया आणि बाहुली; तिकिटांच्या सूचीतसुद्धा ‘बाहुली’ असाच उल्लेख आहे. म्हणजे काढणाऱ्यांनी काही झाकून ठेवलेलं नाही. ही येशूची आई नाही, हे येशूच्या आईचं काम करणारं मूल आहे, हे त्या एका वस्तूनं सांगून टाकलं. बाहुली काढून खरं बाळ दिलं असतं, तर उरतं काय? निळ्या वस्त्रातली लहान चणीची मरिया, म्हणजे पुन्हा धार्मिक चित्रच. नाटक हे नाटक आहे हे कळायला बाहुली लागते.

तिकिटावर असा खुलासा एका वस्तूवर सोपवावा लागतो, कारण जागाच नसते. ब्रिटनच्या मोठ्या विशेष तिकिटांचा नेहमीचा आकार साधारण ४१ बाय ३० मिलिमीटर, म्हणजे आगपेटीहूनही लहान. त्यात किंमत हवी आणि, त्या काळी, राणीच्या मस्तकाची आकृती हवी. ब्रिटनच्या तिकिटांवर देशाचं नाव छापत नाहीत. तिकीट त्यांनीच सुरू केलं म्हणून त्यांना ही सूट आहे, आणि नावाच्या जागी राजाचं किंवा राणीचं मस्तक असतं. एवढं सगळं मांडल्यावर चित्राला जी जागा उरते, तीत मागचं नेपथ्य, बाकं, प्रेक्षक काढत बसलं तर हातभर अंतरावरून काहीच कळणार नाही. मुकुट, चमकी, फडकं, बाहुली अशा ठळक खुणाच तिथे टिकतात. शाळेच्या नाटकाचं सामान तिकिटाला इतकं सोईचं पडतं ते यामुळे: शेवटच्या रांगेतल्या पालकालाही पात्र ओळखता यावं म्हणून तेही ठळकच केलेलं असतं.

मूल, पात्र आणि धर्म

आपल्या शाळेचं स्नेहसंमेलन डोळ्यांसमोर आणा. तिसरीतला मुलगा शिवाजी महाराज होऊन मंचावर येतो. काळ्या लोकरीची दाढी एका कानावरून सुटलेली, जिरेटोप भुवयांवर उतरलेला. टाळ्या पडतात त्या महाराजांसाठी आणि त्या मुलासाठीही. दोन्ही भाव एकाच वेळी खरे असतात आणि कुणालाच त्यात विसंगती वाटत नाही. पण महाराजांचं तैलचित्र भिंतीवर लावायचं म्हटलं की मुद्रा कशी हवी, वस्त्रं कोणती, यावर चर्चा होते. तिसरीतल्या मुलाच्या दाढीवर कुणी वाद घालत नाही.

नाताळच्या तिकिटापुढे दरवर्षी असाच पेच असतो. ज्यांच्यासाठी नाताळ हा श्रद्धेचा सण, त्यांना येशूजन्म हवा. ज्यांच्यासाठी तो सुट्टीचा, दिव्यांचा आणि केकचा सण, त्यांना बर्फ आणि रॉबिन पक्षी हवेत. रॉयल मेलनं यावर बरीच वर्षं आलटून पालटूनचा तोडगा काढला होता: एका वर्षी धार्मिक विषय, पुढच्या वर्षी बहुधा दुसरा काही. त्याखेरीज २००७ पासून मरिया आणि बाळाचं तिकीटही ठेवलं जाऊ लागलं, म्हणजे पँटोमाइमसारखा (नाताळात होणारं विनोदी गाण्यांचं नाटक) विषय असलेल्या वर्षीही श्रद्धाळू माणूस रिकाम्या हातानं परत जात नसे.

शाळेच्या नाटकाचा विषय या दोन्ही पारड्यांत एकाच वेळी बसतो. कथा पूर्ण धार्मिक, पात्रं तीच, क्रम तोच. आणि तरी चित्र आहे ते गावातल्या कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही मुलांचं. दुसऱ्या धर्माच्या घरातली मुलंही या नाटकांत असतात. मुंबईच्या, गोव्याच्या कॉन्व्हेंट शाळांत शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

‘ही तर पळवाट झाली’ असं कुणी म्हणेल. श्रद्धा दाखवायची हिंमत नाही म्हणून मुलांना पुढे केलं, असा आक्षेप. मला तो पटत नाही. ज्या चित्रकर्तीनं १९८४ मध्ये तोच प्रसंग थेट रंगवला होता आणि ज्या टपाल खात्यानं तो छापला होता, त्यांना थेट रंगवण्याचं भय असण्याचं कारण नाही. शिवाय ब्रिटनमधल्या असंख्य माणसांची या कथेशी पहिली ओळख चर्चमधल्या रंगीत काचेपेक्षा शाळेच्या सभागृहात होते. त्यांच्या आठवणीतला नाताळ तो आहे. तिकिटानं तो दाखवला.

मग खऱ्या शाळेचा फोटोच का नाही घेतला? यामागे एक संकेत होता. त्या काळी ब्रिटनच्या तिकिटावर राजघराणं सोडून कुणाही जिवंत व्यक्तीचं ओळखता येईल असं चित्र घेत नसत. १९९९ मध्ये क्वीन या रॉक बँडचे दिवंगत गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्या तिकिटात मागे बसलेले ढोलवादक रॉजर टेलर पुसटसे दिसतात, एवढ्यावरूनही कुरबुर झाली. तो संकेत उघडपणे मोडला गेला २००५ मध्ये, ॲशेस जिंकलेल्या क्रिकेट संघाच्या तिकिटांनी. काढलेलं मूल कुणाही एकाचं नसतं, म्हणून ते चालतं.

पाच तिकिटं, पाच किमती कशाला?

तिकिटावर छापलेल्या किमतीला दर्शनी किंमत म्हणतात. ती हौसेखातर ठरत नाही. प्रत्येक आकड्यामागे टपालाचा एक दर असतो. १९९४ मध्ये देशांतर्गत दुसऱ्या वर्गाचं, म्हणजे थोडं सावकाश जाणारं साधं पत्र १९ पेन्सना जाई आणि पहिल्या वर्गाचं २५ पेन्सना. वरची तीन मूल्यं परदेशी टपालासाठी. त्यांतलं ४१ पेन्सचं दूरदेशीच्या हलक्या हवाई पत्राचं. तेव्हा भारतातल्या अल्बममध्ये या संचातलं एकच वापरलेलं तिकीट असेल, तर ते देवदूतांचं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. काका-मावशींनी लंडनहून पाठवलेल्या पाकिटावरून ते आलेलं असणार.

यंत्राला तिकीट कसं दिसतं?

नाताळात पत्रांचा पूर येतो. एकेक पाकीट हातानं सरळ करून शिक्का मारायचा म्हटलं तर होळी येईल. म्हणून यंत्र लागतं, आणि यंत्राला चित्र कळत नाही. त्याला कळायला हवं एवढंच की तिकीट कोणत्या कोपऱ्यात आहे आणि पत्र कोणत्या वर्गाचं आहे.

ब्रिटननं १९५७ मध्ये साऊदॅम्प्टनला पहिला प्रयोग केला. तिकिटाच्या पाठीवर, डिंकाखाली, ग्राफाइटच्या काळ्या रेघा छापल्या. वीजप्रवाहावरून यंत्र त्या ओळखत असे. दोनच वर्षांत फॉस्फर आलं. हा पदार्थ अतिनील प्रकाश शोषून घेतो आणि दिवा विझल्यावरही क्षणभर चमकत राहतो, मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्यांसारखा. तिकिटाच्या दर्शनी बाजूवर त्याचे उभे पट्टे छापतात. दुसऱ्या वर्गाला एक पट्टा, त्याहून वरच्यांना दोन. यंत्र पाकीट उलटंपालटं करून चमक शोधतं, सगळी पाकिटं एका दिशेला लावतं आणि पट्टे मोजून दोन ढीग करतं.

हे पट्टे डोळ्यांनाही दिसतात. कोरं तिकीट ट्यूबलाइटखाली धरा आणि डोळ्यांच्या जवळजवळ रेषेत येईपर्यंत तिरकं करा. कागदाच्या चकाकीत एक वेगळीच पट्टी वरपासून खालपर्यंत जाताना दिसेल, सुकलेल्या पाण्याच्या ओघळासारखी. वापरून मळलेल्या तिकिटावर ती शोधणं कठीण जातं.

बारकोड नाही, मग चालेल का?

चालेल. गोंधळ झाला तो असा. रॉयल मेलनं २०२२ पासून रोजच्या वापराच्या तिकिटांना बारकोड जोडला. रोजची तिकिटं म्हणजे तेव्हा नुसतं राणीचं मस्तक असलेली, एकरंगी. बारकोड नसलेली अशी तिकिटं ३१ जानेवारी २०२३ नंतर रद्द धरली गेली. पुढे काही महिने सवलत होती. पण चित्रांची विशेष तिकिटं आणि नाताळची तिकिटं या नियमातून वगळलेली आहेत. त्यांवर बारकोड नसला तरी ती वैध आहेत.

यालाही एक मर्यादा आहे. १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटननं शिलिंग सोडून दशमान चलन घेतलं आणि १९७२ मध्ये जुन्या चलनातली तिकिटं बाद झाली. त्यामुळे १९६६ चा पूर्वेकडचा राजा आज पाकिटावर चालत नाही, १९९४ चे मेंढपाळ चालतात.

चालतात, पण दर्शनी किमतीलाच. ‘१९ पी’ लिहिलेलं तिकीट आज दुसऱ्या वर्गाचं पत्र नेऊ शकत नाही, जरी ते त्यासाठीच काढलं होतं. १९८९ पासून निघालेल्या, किमतीऐवजी ‘पहिला वर्ग’ किंवा ‘दुसरा वर्ग’ छापलेल्या तिकिटांचं (बारकोड नसलेली रोजची सोडून) वेगळं आहे; दर कितीही वाढला तरी ती त्या वर्गाचं पत्र नेतात. १९९४ च्या संचावर पेन्स छापलेले आहेत, म्हणून बेरीज करावी लागते.

पाचही तिकिटांची बेरीज १५० पेन्स, म्हणजे दीड पौंड. एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या वर्गाचं साधं पत्र १ पौंड ७० पेन्स झालं आणि दुसऱ्या वर्गाचं ८७ पेन्स. त्या दरानं एक अख्खा संच लावूनही पहिल्या वर्गाला २० पेन्स कमी पडत. मात्र सुट्या तिकिटांतून ते दोन्ही दर अगदी काटेकोर जुळवता येत. ८७ साठी १९ ची तीन आणि ३० चं एक. १७० साठी ४१ ची दोन, २५ ची दोन आणि १९ ची दोन. दर वरचेवर बदलतात, तेव्हा पाठवण्याआधी चालू दर पाहून मग बेरीज जुळवा. तिकिटं कमी पडली तर भुर्दंड कार्ड मिळणाऱ्याला बसतो, आणि सणाच्या शुभेच्छांबरोबर तो पाठवणं बरं नव्हे.

आता जागेचा प्रश्न. अशी चार तिकिटं दोन-दोनच्या ओळीत लावली तर सुमारे ८ बाय ६ सेंटिमीटर जागा जाते. नेहमीच्या लहान कार्डाचं पाकीट असतं १६.२ बाय ११.४ सेंटिमीटर. चार तिथे दाटीवाटीनं बसतात, सहा बसवायला गेलात तर पत्त्याला जागा उरत नाही. सहासाठी दुप्पट आकाराचं, २२.९ बाय १६.२ चं पाकीट घ्या. साध्या पत्राची मर्यादा २४ बाय १६.५ सेंटिमीटर, जाडी ५ मिलिमीटर आणि वजन १०० ग्रॅम, त्यात ते बसतं. मात्र कार्डावर मणी, लाकडी तारा किंवा जाड फीत असेल तर ५ मिलिमीटरची हद्द ओलांडली जाते आणि दर चढतो. बहुतेक कार्डं वजनात पास होऊन जाडीत अडकतात.

लावताना सुरुवात उजव्या वरच्या कोपऱ्यातून करा. तिकिटं एकमेकांवर चढवू नका. खालच्याचे पट्टे झाकले जातात. पाकिटाची खालची कड मोकळी ठेवा, तिथे यंत्र आपल्या रेघा छापतं. वर्षानुवर्षांत डिंक उडाला असेल तर पाठीला साधी गोंदाची कांडी फिरवा, कोपऱ्यांपर्यंत. वरून चिकटपट्टी लावायची नाही. फॉस्फर झाकलं जातं, शिक्क्याची शाई कागदात मुरत नाही, आणि तिकीट पुन्हा वापरायचा डाव असल्याचा संशय येतो. शिक्का पडायचा राहिलेलं वापरलेलं तिकीट सोलून परत लावणं हा गुन्हा आहे, कितीही कोरं दिसलं तरी.

जुनं म्हणजे मौल्यवान नाही का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे ऐकून माणसं खट्टू होतात. नाताळची तिकिटं प्रचंड संख्येनं छापली जातात, आणि १९९० च्या दशकात हौशी लोक ती विकत घेऊन तशीच जपत होते. पुरवठा मुबलक, मागणी बेताची. म्हणून असा कोरा संच सहसा दर्शनी किमतीच्या आसपास, कित्येकदा तिच्याखालीही मिळतो. ब्रिटनमध्ये विक्रेते जुनी कोरी तिकिटं सवलतीत विकतात आणि लोक ती सरळ कार्डांवर लावतात. वापरलेल्या सुट्या तिकिटाला तर नाममात्रच भाव.

वेगळा भाव येतो तो चुकांना: दंतुर कडा पाडायच्या राहिलेली जोडी, एखादा रंग किंवा राणीचं मस्तकच न उमटलेलं तिकीट. तसं काही सापडलं तर चिमट्यानं उचला आणि तज्ज्ञाकडून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय विकू नका, कारण रंग रसायनानं उडवून बनावट चुका तयार करता येतात.

पहिल्या दिवसाच्या, म्हणजे तिकीट निघालेल्या दिवशीच शिक्का मारलेल्या, पाकिटांचाही एक गोड प्रकार आहे. वेल्समध्ये लँडायलोजवळ बेथलेहेम नावाचं छोटं गाव आहे. नाताळची तिकिटं निघाली की त्यांच्यावर या गावाच्या नावाचा शिक्का मिळवायची संग्राहकांची जुनी हौस. पैशांत ती पाकिटंही फार मोठी नसतात. पण बेथलेहेमच्या शिक्क्याखाली शाळेतली मरिया, हे पाहायला मिळणं सुखाचं आहे.

आपल्या हवेत ती टिकवायची कशी?

ब्रिटनच्या कोरड्या कपाटात तीस वर्षं राहिलेली तिकिटं कोकणात दोन पावसाळ्यांत बिघडतात. कोऱ्या तिकिटाच्या पाठीवरचा डिंक हवेतला ओलावा ओढून घेतो, मऊ होतो आणि पानाला किंवा शेजारच्या तिकिटाला धरतो. त्यावर मग तांबूस ठिपके पडतात. ती बुरशी असते आणि एका पानावरून दुसऱ्यावर जाते. अल्बम आडवे एकावर एक रचू नका, वजनानं तिकिटं चिकटतात. पुस्तकांसारखे उभे, सैल ठेवा, भिंतीला टेकवू नका, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. जून ते सप्टेंबर अल्बम उघडायचाच असेल तर पाऊस थांबलेल्या कोरड्या दुपारी. हात धुऊन पुसलेले असले तरी चिमटाच वापरा.

पाकिटावरचं वापरलेलं तिकीट सोडवायचं असेल तर भोवती दोन बोटं कागद ठेवून कापून घ्या आणि कोमट पाण्यात वीस मिनिटं टाका. १९९४ च्या तिकिटांना पाण्यात विरघळणारा डिंक आहे, ती आपोआप सुटतात. ओढायची गरज पडली तर अजून पाच मिनिटं थांबा. नाताळची पाकिटं लाल किंवा हिरवी असतात आणि तो रंग पाण्यात उतरून तिकिटाला लागतो, म्हणून रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या वाटीत, थंड पाण्यात, एकटा भिजवा. सुटलेलं तिकीट पाठीवरून हलकेच धुऊन टिपकागदावर पालथं सुकवा आणि अर्धवट ओलं असतानाच जाड पुस्तकाखाली ठेवा, नाहीतर ते नळीसारखं वळतं.

साधारण २०१० नंतरची ब्रिटनची स्वयंचिकट तिकिटं मात्र पाण्यात सुटत नाहीत. त्यांतल्या रोजच्या तिकिटांत सुरक्षेसाठी अर्धगोल चिरा असतात आणि सोलायला गेलं की ती तिथेच फाटतात. ती कागदासकट, चारी बाजूंना नीट समास ठेवून कापा आणि तशीच अल्बममध्ये लावा.